कार्बोरेटर नवा टाकला तरी इंजिन बॅक मारतंय

प्रश्न थोडक्यात असा: ७ एचपीचा पेट्रोल पॉवर वीडर, तीन हंगाम चाललेला, पावसाळाभर शेडमध्ये उभा. आता चोकवर चालू होतो, पण चोक काढला की कार्बोरेटरमधून फट्फट् सुरू, म्हणजे इंजिन बॅक मारतं. गरम झाल्यावर जड मातीत पाती घुसली की मोठा फटाका वाजतो आणि इंजिन बंद. एकदा एअर फिल्टरच्या तोंडाशी जाळही दिसला. प्लग बदलला, बाजारातून नवा कार्बोरेटर आणून टाकला, फरक शून्य. आता मेकॅनिक इंजिन बांधायला, म्हणजे पूर्ण खोलून बोअर-रिंगांचं काम करायला सांगतोय.

भाऊ, इंजिन बांधू नका. निदान टॅपेटचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेचं) झाकण उघडून बघेपर्यंत तरी नको. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनच्या रिंगा गेल्या की इंजिन तेल खातं, निळसर धूर सोडतं, ओढ कमी होते. कार्बोरेटरमधून फटाके हे त्या दुखण्याचं लक्षण सहसा नसतं. तुम्ही धुराबद्दल किंवा तेल कमी होण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे बोअरकडे बोट दाखवायला आत्ता तरी आधार नाही.

कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये फक्त इनटेक व्हॉल्व्ह असतो. तो घट्ट बसलेला असेल तर आत कितीही पेटलं तरी जाळ मागे येऊ शकत नाही. त्यामुळे कार्बोरेटरमधून फटाका आला याचा अर्थ तीनपैकी एक काहीतरी झालंय. इनटेक उघडा असताना ठिणगी पडली. किंवा इनटेक उघडायची वेळ आली तरी मागच्या फेरीची आग आत जळतच होती. किंवा बंद व्हायच्या वेळी इनटेक सीटवर नीट बसलाच नाही. पहिला दोष टायमिंगचा, दुसरा बहुतेक वेळा लीन मिक्स्चरचा, तिसरा खुद्द व्हॉल्व्हचा. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण सावकाश जळतं, ही गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. इतकं सावकाश, की एक्झॉस्ट स्ट्रोक संपत आला तरी आत ज्वाळ शिल्लक असते, आणि इनटेक उघडला की ती नव्या मिश्रणाला लागते.

सायलेन्सरमधून फुटणारा फटाका हा वेगळा विषय. तिथे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. त्याची कारणं वेगळी, इथे त्यात शिरत नाही.

मी कुठलंही इंजिन हातात घेण्याआधी विचारतो, फटाका नेमका कधी वाजतो. दोरी ओढतानाच वाजत असेल आणि दोरी हातातून हिसकली जात असेल, तर फ्लायव्हीलची की (फ्लायव्हील क्रँकवर जागेवर धरणारी छोटी पट्टी) बघायची. चालू होतं, स्लोला बरं चालतं आणि रेस दिली की फुटतं, तर लीन. थंड असताना ठणठणीत, पंधरा-वीस मिनिटांनी लोडवर फुटायला लागतं, तर इनटेकचा टॅपेट. आणि चालूच होत नाही, प्रत्येक ओढीला कार्बोरेटरमधून धडाका येतो, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर हवाच लागत नाही, तर एक्झॉस्टची वाट बंद आहे.

तुमच्या वर्णनात यातली दोन लक्षणं एकत्र आहेत. चोक काढल्यावर फुटतं, म्हणजे लीन. गरम झाल्यावर लोडला जास्त फुटतं, म्हणजे टॅपेट. माझा अंदाज दोन्ही दोष असावेत, आणि मोठा दोष दुसरा. पण आधी लीनचं निस्तरू, ते सोपं आहे.

चोक अर्धा ओढून ठेवला की फटाके थांबतात, हे तुम्ही पाहिलंच आहे. चोक हवा अडवतो, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. आता कार्बोरेटर नवा असूनही तेच होतंय, तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पुरेसं येत नाही, किंवा कार्बोरेटरच्या पुढे कुठून तरी हवा ओढली जातेय. पेट्रोलची नळी कार्बोरेटरकडून काढून बाटलीत धरा आणि टाकीखालचा कॉक उघडा. एकसारखी धार पडली पाहिजे. आधी धार आणि मग मिनिटभराने नुसते थेंब, असं झालं तर टाकीचं झाकण सैल करून पुन्हा बघा. झाकणातलं हवेचं भोक चिखलाने बुजलेलं असतं, टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. लोडवर दहा मिनिटांनी मरणारी बरीच यंत्रं या एका भोकामुळे मरतात. कॉकच्या आतली जाळीही काढून धुवा.

मग फ्लोटच्या वाटीचा खालचा बोल्ट सोडून आतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या आणि दोन मिनिटं न हलवता ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसला तर पाणी आहे. हे पावसाळ्यानंतर फार दिसतं, आणि त्याचा इथेनॉलशी संबंध आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून आपल्याकडे पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे तेच झालं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. थोडं पाणी त्यात मिसळून राहतं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. कॉक तळातूनच ओढतो. म्हणजे वर चांगलं पेट्रोल असूनही इंजिनाला मिळतं ते तळातलं पाणचट मिश्रण. असं दिसलं तर वरून नवं पेट्रोल ओतून भागणार नाही, टाकी पूर्ण रिकामी करा.

इथेनॉलची दुसरी बाजू सांगतो, कारण दुकानात कोणी सांगत नाही. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. २० टक्के मिश्रणाचा हिशेब साधारण १३.५ वर येतो. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) तोच ठेवला तर इंजिन सुमारे ८ टक्के लीन चालतं. होंडाच्या जीएक्स मालिकेच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली आहे, आणि तुमच्या वीडरवरच्या १७० एफ जातीच्या इंजिनांची बांधणी मुळात त्याच मालिकेवर बेतलेली आहे. फक्त इथेनॉलमुळे इंजिन फटाके मारणार नाही. पण जेट थोडा बुजलेला, पॅकिंग थोडं फाटलेलं, आणि त्यात हे आठ टक्के, असं झालं की काठावरचं इंजिन पलीकडे जातं.

हवा कुठून शिरते ते बघायचं तर कार्बोरेटर आणि हेडच्या मधला काळा जाड इन्सुलेटर तपासा. त्याच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग असतं. कार्बोरेटर बदलताना जुनं पॅकिंग अर्धं चिकटून राहतं आणि वर नवं बसवलं जातं, किंवा नट एका बाजूने जास्त आवळला जातो आणि इन्सुलेटरला बारीक चीर जाते. इंजिन स्लोला चालू ठेवून जोडावर ब्रशने जाड इंजिन ऑइल लावा. क्षणभर आवाज बदलला, किंवा ऑइल आत ओढलं गेलं, तर तिथे गळती आहे. काही जण यासाठी पेट्रोल नाहीतर स्प्रे मारतात. बॅक मारणाऱ्या इंजिनावर हा उद्योग करू नका, भडका उडेल. पॅकिंग बसवताना त्याला बारीक छिद्र किंवा खाच असेल तर ती कार्बोरेटरच्या वाटेसमोर आली पाहिजे, उलटं बसलं तर आतली वाट बंद होते.

आणि नवा कार्बोरेटर नवा आहे म्हणून चांगला, असं धरू नका. स्वस्तातल्या नकलांत पायलट जेटचं भोक कारखान्यातूनच कचऱ्याने बुजलेलं पाहिलंय. तुमचा जुना टाकून दिला नसेल तर तो धुऊन पुन्हा लावणं मला जास्त पटेल. मेन जेट, त्याच्या वरची भोकांची नळी आणि स्लोच्या स्क्रूखालचा पायलट जेट, तिन्ही उजेडासमोर धरून आरपार दिसली पाहिजेत. साफ करायला हवेचा झोत वापरा. पोलादी तार घालू नका, भोक मोठं झालं की तो जेट कायमचा वाया.

आता मुख्य मुद्द्यावर, म्हणजे टॅपेटवर. या कामाला इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभं असलेलं सगळ्यात उत्तम. फिलर गेज (बारीक फट मोजायची पातळ पाती) लागतं, ते स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतं. टॅपेटचं झाकण काढा आणि प्लगही काढा. आधी काहीही न मोजता दोरी हळू ओढत दोन्ही व्हॉल्व्ह खालीवर होताना नुसते बघा. दोन्हींचा प्रवास साधारण सारखा दिसला पाहिजे. एखादा हलतच नसेल, अर्धाच दबत असेल किंवा वर यायला रेंगाळत असेल, तर दोष इथेच सापडला. पावसाळाभर उभ्या इंजिनात व्हॉल्व्हचा दांडा गाइडमध्ये गंजाने किंवा जुन्या पेट्रोलच्या डिंकाने धरतो. मग जोरात दोरी ओढली की पुशरॉड (रॉकर उचलणारी दांडी) वाकतो किंवा रॉकरखालून (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्टीखालून) निसटतो. एक्झॉस्टचा पुशरॉड निसटला तर जळालेला वायू बाहेर जायला जागाच उरत नाही. इनटेक उघडला की सगळा दाब कार्बोरेटरमधून बाहेर पडतो, आणि तो आवाज ऐकून माणूस कार्बोरेटर बदलतो. सायलेन्सरचं तोंडही बघून घ्या. उभ्या यंत्राच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते, त्यानेही हेच होतं.

दोन्ही व्हॉल्व्ह नीट हलत असतील तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. प्लगच्या भोकात लांब प्लॅस्टिकची नळी सोडा आणि फ्लायव्हील हाताने फिरवा. इनटेक दबून पूर्ण वर आला की त्यानंतर नळी जिथे सर्वात वर येईल ती जागा. इथे एक मेख आहे. दोरी हलकी जावी म्हणून या इंजिनांच्या कॅमवर एक छोटं डिकॉम्प्रेशन असतं. ते कॉम्प्रेशनच्या वाटेवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतं. पिस्टन टोकाच्या थोडा अलीकडे असताना मोजलंत तर एक्झॉस्टचा गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यातली फट, शून्य दिसेल, तुम्ही तो ढिला कराल, आणि इंजिन बिघडेल. त्यामुळे बरोबर टोकावर, हवं तर केसभर पुढे. तिथे दोन्ही रॉकर बोटाने हलले पाहिजेत.

होंडा जीएक्स १६० आणि २०० च्या जुन्या मॉडेलांना थंड असताना इनटेक ०.१५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी, दोन्हीकडे ०.०२ ची सूट. तुमच्या इंजिनाची पुस्तिका असेल तर तिच्यातला आकडा घ्या, नसेल तर हेच धरा. गेजची पाती किंचित घासत सरकली पाहिजे, ढकलावी लागता कामा नये.

माझा अंदाज, तुमचा इनटेक ०.०५ च्या आत असेल, कदाचित शून्य. झिजलं म्हणजे ढिलं होणार असं सगळे समजतात. इथे उलटं होतं. वीडर दिवसभर धुळीत चालतो, फिल्टरच्या फोममधून बारीक धूळ आत जाते आणि व्हॉल्व्ह व सीट दोन्ही खाते. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो, त्याचा दांडा वर रॉकरकडे सरकतो, आणि गॅप कमी होतो. थंड असताना कसाबसा पुरतो. गरम झाल्यावर दांडा लांबतो, रॉकर त्याला पूर्ण बसू देत नाही, आणि नेमक्या लोडच्या वेळी, आतला दाब सर्वात जास्त असताना, जाळ त्या फटीतून मागे येतो. टकटक करणाऱ्या टॅपेटची लोक काळजी करतात. मला आवाजच न करणाऱ्या टॅपेटची जास्त वाटते.

गॅप कमी निघाला तर नट सैल करून जमवा, आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना तो थोडा सरकतोच. झाकण लावा आणि अर्धा तास जड मातीत चालवा. फटाके थांबले तर एवढंच काम होतं.

थांबले नाहीत, तर व्हॉल्व्ह सीटवर बसतोय का ते बघायचं. कॉम्प्रेशन गेज या इंजिनावर फसवतो, कारण डिकॉम्प्रेशनमुळे दोरीवर आकडा कमीच येतो. त्याऐवजी पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला ठेवून प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडा, दाब कमी ठेवा आणि फ्लायव्हील कोणाला तरी घट्ट धरायला सांगा, नाहीतर ते गरकन फिरेल. आता कान लावा. कार्बोरेटरमधून सूं ऐकू आलं तर इनटेक गळतोय, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट, तेलाच्या भोकातून जोरात आलं तर रिंगा. मेकॅनिकच्या बोअरच्या सल्ल्याचा निकालही इथेच लागेल. इनटेक गळत असेल तर हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने घासून घ्या, सीटवर साधारण १ मिमीचा अखंड करडा पट्टा आला पाहिजे. घासल्यावर पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओतून ठेवा, खालून पाझरलं नाही तर झालं. पेस्टचा कणही आत राहू देऊ नका. आणि घासल्यावर टॅपेट पुन्हा लावायचा, कारण व्हॉल्व्ह आणखी खोल गेलेला असतो.

फ्लायव्हीलच्या कीबद्दल. दोरी हिसकते असं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून ती शेवटी ठेवलीय. पण वीडरची पाती कधी दगडात किंवा मुळीत अडकून इंजिन झटक्यात थांबलं असेल, तर बघाच. क्रँक थांबतो, जड फ्लायव्हील पुढे जायला बघतं, आणि मधली की कातरली जाते. बऱ्याच इंजिनांत ती मुद्दाम मऊ धातूची असते. फ्लायव्हील बसतं त्या क्रँकच्या निमुळत्या टोकाचा व्यास २० मिमी धरला तर १ मिमी सरकण्याने टायमिंग जवळपास ६ अंश हलतं. ठिणगी मुळात वरच्या टोकाच्या २०-२५ अंश आधी पडायची असते, तेव्हा हा फरक छोटा नाही. शिवाय या इंजिनात फ्लायव्हीलवरचा मॅग्नेट प्रत्येक फेऱ्याला ठिणगी देणाऱ्या कॉइलसमोरून जातो, म्हणजे एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटीही एक फुकटची ठिणगी पडते. टायमिंग बरोबर असेल तर ती निरुपद्रवी. पण नट सैल राहून फ्लायव्हील मागे घसरलं असेल, तर तीच ठिणगी इनटेक उघडल्यावर, ताजं पेट्रोल आत येत असताना पडते. नट काढा, पुलरने फ्लायव्हील उतरवा, हातोड्याने मॅग्नेटवर ठोकू नका. कीवर नखाला लागेल एवढी पायरी दिसली तरी बदला. कॉइलचा गॅप ०.४ मिमी ठेवा, पण त्याला फार महत्त्व देऊ नका. त्याने ठिणगी कमजोर होते, टायमिंग फारसं हलत नाही.

कॅमच्या दातांचं टायमिंग आपोआप सरकत नाही. इंजिन आधी कोणी उघडलं असेल आणि तेव्हापासूनच त्रास असेल, तरच क्रँककेस खोलून दोन्ही गिअरवरच्या खुणा जुळतात का बघा. प्लगचंही एक वाक्य: जीएक्सला बीपीआर६ईएस, गॅप ०.७ ते ०.८. अर्धा तास लोडवर चालवून काढलेल्या प्लगचं टोक पांढरं फटक असेल तर अजून लीन आहे.

हे सगळं करताना एअर फिल्टर काढून इंजिनावर वाकू नका. पेट्रोलने भिजलेला फोम एका फटाक्यात पेटतो. शेडमध्ये कडबा किंवा पाचट असेल तर यंत्र बाहेर काढा, आणि ओलं पोतं हाताशी ठेवा.

झाकण उघडलं की तीन गोष्टी कळवा: थंड असताना इनटेक आणि एक्झॉस्टचा गॅप किती निघाला, वाटीतल्या पेट्रोलखाली थर बसला का, आणि पाती अडकून इंजिन कधी दणकन थांबलं होतं का. गॅप जमवून पुन्हा आठवड्याभरात कमी झाला असेल तर तेही सांगा, मग हेड उतरवण्याबद्दल बोलू.